ताईला दिसणारी आई

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी यंत्र बाजूला सारलं, खिडकीचा पडदा उघडला आणि जे होतं ते सरळ सांगून टाकलं. काचबिंदूनं जेवढी नजर खाल्ली तेवढी गेली, ती परत यायची नाही. उजव्या डोळ्यात उजेडाचा जो तुकडा उरलाय तोही थंडी संपेपर्यंत टिकला तर टिकला. किल्लीवाला बहिणीशेजारच्या स्टुलावर बसला होता. त्यानं दोन्ही हात गुडघ्यांमध्ये दाबून धरले. आता ताई कोसळणार आणि आपल्याला नेहमीसारखं काही सुचणार नाही, असं त्याला वाटलं. पण ताईनं पर्समधून रुमाल काढला, डोळ्यांत घातलेलं औषध गालावर ओघळलं होतं ते टिपलं आणि म्हणाली, "जाऊ द्या. तीस वर्षं सूतगिरणीच्या रंगखात्यात काढली, बघायचं ते पुष्कळ बघून झालं. आता डोळे मिटून बघत बसेन." डॉक्टरीणबाई हसल्या. किल्लीवालाही हसला. बोलायची एक पद्धत, दुसरं काय. ताई पहिल्यापासून धीराचीच.

बाहेर बसथांब्याच्या बाकावर दोघं बसली. समोरचा रस्ता पाइपांसाठी उकरलेला होता आणि ओल्या मातीचा ढीग फुटपाथवर आला होता. ताईनं डोळे मिटले होते. "तुझ्या स्वेटरच्या डाव्या कोपराला रफू केलंय," ती म्हणाली, "पण लोकर चुकली रे. स्वेटर शेवाळी आणि रफू पोपटीकडे झुकणारं. तुझ्या बायकोनं दिव्याखाली बसून निवडली असणार." त्यानं कोपर वळवून बघितलं. त्याला दोन्ही सारखीच वाटली. "कधी बघितलंस?" "सकाळी, दारात. आता परत बघितलं." "आता तर डोळे मिटलेत तुझे." "म्हणून तर नीट दिसतंय." "म्हणजे आठवतंय." "आठवत नाही रे बाबा, दिसतंय."  मग त्यानं विचारलं, "कुठे दिसतंय?" "कुठे म्हणजे? समोर. समोर पण जरा आत." "रंगासकट?" "रंगासकट नाही तर काय! तुला काय काळंपांढरं दिसतं?" "मला काहीच दिसत नाही," तो म्हणाला. "डोळे मिटले की काळोख. सगळ्यांनाच काळोख दिसतो ना?" ताईला आधी थट्टा वाटली. "बरं, आई आठव," ती म्हणाली. "आठवली." "मग?" "मग काय? उंच होती. केस आखूड होते. डाव्या भुवईत व्रण होता. माहीत आहे मला." "अरे, माहीत आहे ते सोड. दिसत नाही ती तुला?" "नाही." ताईनं डोळे उघडले आणि त्याचा आवाज जिथून आला तिकडे मान वळवली. "कधीच नाही?" "कधीच नाही." "अरे देवा," ती म्हणाली, इतक्या हळू, की नजर जणू तिची नव्हे, त्याची गेली होती. बस आली, दार उघडलं, जरा वेळ वाट बघून बंद झालं. दोघंही बसूनच राहिली.

ताईला घरी पोचवून त्यानं दुकान उघडलं, पण हातात घेतलेलं कुलूप तसंच राहिलं. बावन्न वर्षांचा झाला होता तो. लोक म्हणत, डोळ्यांसमोर उभं राहिलं, नजरेसमोरून हलत नाही, चित्रच उभं केलंत हो. आणि तोही सगळ्यांसारखं म्हणत असे. भूक लागली की पोटात कावळे ओरडतात म्हणून कुणी पोटात कावळे शोधायला जात नाही, जीव टांगणीला लागला म्हणून कुणी खुंटी बघत नाही. तसंच हेही, असा त्याचा पक्का समज. भाषेची गंमत. आणि आज कळत होतं की कावळे खरे होते. सगळ्यांच्या पोटात होते. फक्त त्याच्या नव्हते. त्यानं डोळे मिटून दुकानाकडे बघायचा प्रयत्न केला. भिंतीवर कुठल्या खिळ्याला कुठली कोरी किल्ली, कुठली कानस कुठल्या खणात, हे तो झोपेतही सांगू शकला असता. हात लांब केला असता तर बरोबर तिथेच गेला असता. पण समोर काही नव्हतं. उजेड नसलेलं, भिंती नसलेलं, अगदी शांत असं काळं काहीतरी. लोक त्याला म्हणत, तुम्हाला बुवा कुलपाच्या पोटातलं दिसतं. तो हसून मान डोलवायचा. दिसत काही नव्हतं, बोटांना कळायचं. तेही सगळ्यांचं तसंच असेल असं त्यानं धरून ठेवलं होतं.

आणि मग ते एक जुनं दुखणं, ज्याला त्यानं कधी नावही दिलं नव्हतं, ते आपोआप वर आलं. आई जिन्यावरून पडून गेली तेव्हा तो नऊ वर्षांचा होता, ताई चौदाची. मावशीनं दोघांना आपल्या घरी नेलं. आठच दिवस झाले असतील, जेवायला बसलेले असताना मावशी म्हणाली, "तिचा चेहरा काही केल्या डोळ्यांसमोरून जात नाही गं," आणि ताई ताटावरच रडायला लागली. त्यानं घाईघाईनं डोळे मिटले. आईचा चेहरा बघायचा होता. सगळ्यांना दिसत होता. त्यानं पापण्या इतक्या आवळल्या की कपाळ दुखलं. काही आलं नाही. आठ दिवसांत आपण आईला विसरलो, या भीतीनं त्यानं डोळे उघडले आणि तोंडातून भलतंच निघालं, "अजून बटाटे आहेत का?" मावशीचा हात थांबला. "दगड आहे पोरगा," ती म्हणाली, रागानं नव्हे, नुसतं दिसलं ते सांगितल्यासारखं. त्यानं ते खरं मानलं. शाळेत, उमेदवारीत, लग्नात, स्वतःची मुलगी झाली तेव्हाही, आपण आतून दगड आहोत हे त्यानं मनात कुठेतरी मान्य करून ठेवलेलं होतं, जसं एखाद्याला आपला एक पाय आखूड आहे हे माहीत असतं. आईचा एक फोटो होता. धुलाईघरासमोर उभ्या असलेल्या अकरा बायका, डावीकडून तिसरी आई, तोंड मुगाच्या दाण्याएवढं. तो फोटो तो कधीमधी काढायचा. समोर धरला की आई. उलटा ठेवला की गेली. पुन्हा सुलटा केला की पुन्हा पहिल्यांदाच भेटल्यासारखी. चाळीस वर्षं तो असा एकाच बाईला पहिल्यांदा भेटत होता.

संध्याकाळी बायको भांडी पुसत होती. त्यानं विचारलं, "डोळे मिटलेस की मी दिसतो तुला?" "उघडे ठेवले तरी तुम्हीच दिसता," ती म्हणाली, "मिटल्यावर तरी सुटका असू द्या." पण त्याचा चेहरा बघून तिनं फडकं खाली ठेवलं, डोळे मिटले आणि खरंच बघितलं. "दिसता. जरा पुसट. काचेवर वाफ धरल्यासारखे. चेहरा धरून ठेवायला गेलं की निसटतो." मग त्यानं आपलं सांगितलं. तिला पटायला वेळ लागला. "म्हणजे मी माझ्या आईच्या आजारपणात महिनाभर तिकडे होते, तेव्हा एकदाही मी दिसले नाही तुम्हाला?" "नाही." "मग वाट कुणाची बघत होतात?" त्यानं खूप विचार केला. त्या महिन्यात त्याला या घरात जेवण जात नव्हतं. दोन्ही वेळा तो दुकानातच उभ्या उभ्या काहीतरी खायचा. खुर्चीवर तिची शाल होती, ती त्यानं उचलली नव्हती, कारण उचलली असती तर घर हललं असतं. "तुझीच," तो म्हणाला. "चेहऱ्याशिवाय?" "चेहऱ्याशिवाय." ती ओले हात तसेच घेऊन त्याच्या पाठीला टेकून उभी राहिली.

मग त्याला नादच लागला. गिऱ्हाईक किल्ली करायला आलं की तो कानस चालवता चालवता विचारायचा, "डोळे मिटून तुमच्या घराचं दार बघता येतं का हो?" बसचालक म्हणाला, दारच काय, सगळा मार्ग बघतो, सिग्नलसकट. गणिताच्या बाई म्हणाल्या, दार येतं पण चित्र नाही, नुसती रेघ, फळ्यावर काढल्यासारखी. पाववाल्या म्हाताऱ्यानं डोळे मिटले आणि बराच वेळ उघडलेच नाहीत. "अहो?" "थांबा जरा," म्हातारा म्हणाला, "आत मुलं आहेत. लहान आहेत अजून." एकच बाई भेटली, अनुवाद करणारी, ती तटकन म्हणाली, "काही नाही, काळोख," आणि दोघं एकमेकांकडे बघत राहिले, परक्या मुलखात आपल्या गावचं कुणी भेटावं तसे. किल्लीवाल्याला रस्त्यानं चालणं अवघड होऊन बसलं. आधी माणसं म्हणजे कोट, टोप्या, घाई. आता समोरून येणाऱ्या प्रत्येकाच्या कपाळामागे एकेक दिवा लावलेली खोली होती. कुणाच्या खोलीत समुद्र, कुणाच्या खोलीत मेलेला भाऊ शर्टाची बटणं लावत असलेला. सिग्नलला थांबलेल्या चाळीस माणसांमध्ये चाळीस न दिसणारी शहरं उभी होती, आणि ती सगळी माणसं अशी निवांत उभी होती की जणू यात विशेष काहीच नाही! त्याला हेवा वाटत नव्हता. निदान सुरुवातीला नाही. ताऱ्यांकडे बघून कुणी हेवा करत नाही.

ताईकडे मात्र तो हावरेपणानं जाऊ लागला. गुरुवारी दुकान अर्धा दिवस. दुपारी तो भाजीची पिशवी घेऊन तिच्या पहिल्या मजल्यावर जायचा, डोळ्यांत औषधाचे थेंब घालायचा आणि म्हणायचा, "हं, सांग." आणि ताई डोळे मिटून आई कशी दिसतेय ते सांगायची. आठवून नव्हे, बघून. आईचा कोट विटेच्या रंगाचा होता, पण नव्या विटेचा नाही, पावसात भिजून वाळलेल्या जुन्या विटेचा. आणि डाव्या खिशाची कड हात घालून घालून फिकी झालेली. "गालावर तीळ होता का?" तो विचारायचा. "थांब, वळू दे तिला," ताई म्हणायची, आणि तो श्वास धरून बसायचा, आणि ताईच्या पापणीखाली बुबुळ हलायचं, आणि ती म्हणायची, "तीळ नाही. उन्हाचा डाग आहे. कानाजवळ." थांब, वळू दे तिला! त्रेचाळीस वर्षांपूर्वी गेलेली बाई त्या खोलीत मान वळवत होती आणि तो दोन हातांच्या अंतरावर बसलेला असून त्याला फक्त बहिणीची मिटलेली पापणी दिसत होती. रंगखात्यात ताईची ख्याती होती. सकाळी गिऱ्हाइकाकडे कापडाचा तुकडा बघायचा आणि संध्याकाळी नमुना हातात न घेता तोच रंग कढईत उतरवायचा. लोकांना ते कसब वाटायचं. तिनं फक्त तुकडा डोळ्यांत सोबत आणलेला असायचा. किल्लीवाला घरी जाऊन बायकोला सगळं सांगायचा, आणि झोपताना मनात घोकायचा: जुनी वीट, डाव्या खिशाची कड, कानाजवळ उन्हाचा डाग. त्याला दिसत नव्हतं, पण यादी वाढत होती.

थंडी पडली आणि उजव्या डोळ्यातला तुकडाही विझला. त्यानंतरच्या दोन-तीन गुरुवारी ताई थोडंच बोलली. तो म्हणाला, सवय होईल. एका दुपारी तो गेला तर सकाळचं जेवण टेबलावर तसंच होतं, त्यावर झाकणही नव्हतं. ताई खुर्चीत सरळ बसली होती, डोळे टक्क उघडे. इतके उघडे की त्याला आधी वाटलं, तिला दिसायला लागलंय. "डोळे दुखतील," तो म्हणाला. "मिट जरा. आणि आज आईचं काहीतरी सांग." "पुरे झालं आता." "एकच सांग, ताई." तेव्हा ती बोलली, आवाज न चढवता. "सांगू? जिन्याखाली आहे ती. मान अशी वळलेली. एक बूट निघून तिसऱ्या पायरीवर राहिलाय. मोज्याला अंगठ्याजवळ भोक आहे, त्यातून नख दिसतंय. त्रेचाळीस वर्षं ते नख मी बघतेय. मी बोलावत नाही तिला. भाजी चिरताना येते, केस विंचरताना येते. आधी बरं होतं. मी डोळे उघडायची. समोर रंगाचे नमुने असायचे, भिंत असायची, तू असायचास, काहीही बघितलं की ती मागे सरायची. आता उघडून बघू काय मी? उघडे ठेवले तरी तीच, मिटले तरी तीच. तुला कोटाचा रंग सांगायचा तर मला त्या जिन्यावरूनच जावं लागतं रे." ती थांबली. मग म्हणाली, "तूही होतास तिथे. माझा हात धरून उभा होतास. तुला खरंच नाही दिसत?" "नाही," तो म्हणाला. "बूट निघाला होता ते माहीत आहे. दिसत नाही." "सुटलास," ताई म्हणाली. त्यात टोमणा नव्हता. एखाद्याला चांगली नोकरी लागली म्हणून म्हणावं तसं ती म्हणाली.

त्याला कुठे तोंड लपवावं कळेना. इतके महिने तो या खुर्चीसमोर ताट घेऊन बसल्यासारखा बसत होता, अजून वाढ, अजून वाढ. आणि वाढणारी प्रत्येक वेळी कुठून जाऊन येते हे त्यानं विचारलं नव्हतं. ज्यांना तो तारे समजत होता ते आत राहणाऱ्या माणसाला जाळतही होते. आणि आपला हा काळोख, ज्याच्यामुळे तो दगड ठरला, तो एखाद्या मोठ्या माणसानं पोराच्या डोळ्यांवर हात धरावा तसा त्या जिन्यापाशी त्याच्या डोळ्यांवर धरला गेला होता आणि मग कधी काढलाच गेला नव्हता. हे सगळं त्याला शब्दांत सुचलं नाही. तो नुसता उठला, जेवणावर झाकण ठेवलं, पुन्हा बसला.  "तुझ्याकडे मग तिचं काहीच नाही?" ताईनं विचारलं. आता तिच्या आवाजात खरंच कुतूहल होतं. तो नाही म्हणणार होता. पण टेबलाच्या कडेवर त्याची बोटं होती आणि ती आपसूक हलली. "ती येते ते माहीत आहे," तो म्हणाला. "म्हणजे?" "तू शाळा सुटली की चित्रकलेच्या वर्गाला जायचीस. मी घरी एकटा. दाराला कान लावून बसायचो. जिन्यानं शंभर माणसं चढायची, पण ती आली की कळायचं. हे बघ." आणि त्यानं टेबलावर दोन्ही हातांच्या बोटांनी वाजवून दाखवलं. अकरा पायऱ्या, डावा पाय जड, कारण धुलाईघरात दिवसभर उभं राहून तो सुजायचा. मग वळणावर थांबणं. पिशवी या हातातून त्या हातात. एक मोठा श्वास. मग नऊ पायऱ्या. त्यातल्या सहा सावकाश आणि शेवटच्या तीन भरभर.

ताईचा चेहरा एकदम थांबला. "हे मी कधी ऐकलंच नाही," ती म्हणाली. "मी घरी यायची तेव्हा ती आलेली असायची. परत कर." त्यानं परत केलं. "बोटांनी नको," ताई म्हणाली. "बोटांनी कळत नाही."  मग त्यानं भाजीची पिशवी उचलली, दार उघडं टाकलं आणि जिना उतरून खाली गेला. तळमजल्यावर एक गृहस्थ टपालपेटी उघडत होते. "काही राहिलं का खाली?" त्यांनी विचारलं. "हो," किल्लीवाला म्हणाला, आणि ते आपल्या दारात जाईपर्यंत बूट बांधल्यासारखं करत थांबला. त्याला लाज वाटत होती. बावन्न वर्षांचा पोट सुटलेला माणूस, बटाट्यांची पिशवी, आणि सोंग आईचं. पहिल्या दोन पायऱ्या सोंगाच्याच होत्या. तिसरीवर त्यानं डोळे मिटले. समोर तोच काळोख, काहीही नसलेला. आणि त्या काळोखात डावा पाय जड झाला. त्यानं केला नाही, झाला. चौथी, पाचवी. कमरेतून एक थकवा चढला जो त्याचा नव्हता. त्यानं सकाळपासून बसून काम केलं होतं. ताईच्या इमारतीतही वळणापर्यंत अकराच पायऱ्या आहेत की काय, त्यानं मोजलं नाही, पण पाय जिथे थांबायचा तिथे थांबला. पिशवी या हातातून त्या हातात गेली. मग तो श्वास आला. मोठा, मधेच थोडा तुटलेला, शेवटी हलकासा 'हं' असलेला, आणि तो स्वतःच्या छातीतून बाहेर पडताना ऐकून किल्लीवाल्याच्या अंगावर सरसरून काटा आला. हा श्वास त्यानं दाराच्या फटीतून ऐकला होता. तो त्याच्यात होता. त्रेचाळीस वर्षं त्याच्याच बरगड्यांच्या आत, न दिसता, कुठेही न हरवता, जसाच्या तसा. तो पुढे चढला. सहा पायऱ्या सावकाश. आणि मग शेवटच्या तीन आल्या आणि सुजलेला पाय, पिशवी, दमलेली कंबर, सगळं तसंच असून पाय आपोआप पळाले.

ताई उंबऱ्यात उभी होती, चौकटीला धरून, तोंड जिन्याकडे. डोळे मिटलेले होते आणि पापण्यांखाली काहीतरी भराभर हलत होतं. तो कठड्याला धरून उभा राहिला. 

"उठली रे," ताई म्हणाली. "खाली होती ना, तिथून उठली. तिसऱ्या पायरीवर बूट घातला. आणि वर आली. मी कधी तिला वर येताना बघितलंच नव्हतं." ती रडत नव्हती, लहान मूल पहिल्यांदा काही मोठं बघतं तेव्हा त्याचं तोंड जसं उघडं राहतं तसं तिचं राहिलं होतं. मग तिनं हात पुढे केला, चाचपडत त्याच्या बाहीला लावला. "आणि तुला? तुला दिसली?"

"नाही," किल्लीवाला म्हणाला. त्याला अजून धाप लागलेली होती. "पण शेवटच्या तीन पायऱ्या ती का पळत यायची ते आत्ता कळलं. दाराआड मी बसलोय हे तिला माहीत होतं."

ताईनं त्याची बाही सोडली. मग तिनं दार पुरतं उघडून भिंतीला टेकवलं, तिथेच खुर्ची ओढून घेतली आणि बसली.

"अजून एकदा ये," ती म्हणाली.

त्यानं पिशवी उचलली आणि तो खाली उतरू लागला.